जारवाल्याने मला ८,२३० रुपयांचं पाणी पाजलं

लिहायला लाज वाटते, कारण माझा धंदाच लोकांची बिलं तपासण्याचा. ठाण्यात नौपाड्याला टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, सहा माणसांचं. इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरीलाही आठवत नाही, म्हणून वीस लिटरचे जार.

जुना जारवाला ६० रुपये घ्यायचा. मार्चमध्ये एक जण आला, गळ्यात ओळखपत्र, हातात हिरव्या कव्हरची कुपनपुस्तकं. जार ४० रुपयांना, पण २०० कुपनांचे ८,००० आगाऊ. पाच जारांचं डिपॉझिट १,२५०, डिस्पेन्सरचं १,५००. एकूण १०,७५०, यूपीआयने, आणि तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. बिल मागितलं तर म्हणाला, "पुस्तक हेच बिल, सर." तीनशेची पावती नसली तर क्लायंटवर डाफरणारा मी, गप्प बसलो. रोज वीस रुपये वाचणार होते ना!

दुसऱ्याच आठवड्यात किटलीच्या तळाला पांढरा थर धरला. आरओचं पाणी इतक्या लवकर थर धरत नाही, बोअरचं धरतं. मावशी म्हणाल्या, "दादा, पाणी मचूळ लागतंय." मी म्हटलं, उन्हाळा आहे. झाकणावरचं सील बोटाने गोल फिरायचं. जार आणणारा पोरगा म्हणे गरमीने सैल होतं. आणि ते स्टिकर! एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, परवाना क्रमांक १४ आकडी असतो. त्यावर १३ होते. दिवसभर जीएसटीचे पंधरा अक्षरी नंबर टाइप करणाऱ्याने ते अडीच महिने रोज बघितलं, पण मोजलं नाही. तुम्ही मोजा, आजच. तो नंबर एफएसएसएआयच्या फॉस्कॉस साइटवर टाकूनही बघा.

आयएसआय शिक्क्याचं मी विचारलं होतं, अगदीच बावळट नाही. तो म्हणाला, "ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्ती उठली, सर." हे खरं निघालं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. शिक्क्याची सक्ती उठली होती, एफएसएसएआय परवान्याची नाही.

६३ कुपनं झाली. एका शनिवारी पाचही रिकामे जार आणि डिस्पेन्सर 'धुवायला' नेले. सोमवारी फोन बंद. वापरलेल्या कुपनांचे २,५२० वजा जाता ८,२३० बुडाले. सगळे जार एकदम कधीही देऊ नका, एक तरी अडवून ठेवा.

कारण पुढे काय होतं ऐका. चौकीत विचारलं, "पैसे तुम्हीच दिलेत ना? मग दिवाणी मामला." कोऱ्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. अन्न आणि औषध प्रशासनाच्या ऑफिसात म्हणाले, सीलबंद जारचा नमुना आणा. अहो, जारच नेलेत त्याने! मग उघड्या पाण्याचं पालिकेकडे जा. पालिकेत दोन टेबलं फिरलो, तिसऱ्यावरची बाई म्हणाली, "आम्ही नळाचं बघतो, जारचं नाही." म्हणजे वीस लिटरच्या त्या डब्यातलं पाणी या राज्यात कुणाचंच नाही. तीन अर्धे दिवस गेले, रिक्षाचे ४१० वेगळे.

कुपनं घ्यायचीच तर दहाच्या वर नकोत. रिकाम्या जारचं झाकण आणि स्टिकर फाडूनच परत करा, नाहीतर तेच पुन्हा चिकटतं.

वरच्या क्लासवाल्यांकडे त्याची ११० कुपनं पडून आहेत. अर्जावर सही मागितली तर म्हणाले, "आमचं नाव नको हो, पालक काय म्हणतील." नौपाडा, पाचपाखाडीत कुणाकडे ते हिरवं पुस्तक असेल तर फाडू नका, मला कळवा. एकट्याचा अर्ज कुणी वाचत नाही.