दादरच्या गल्लीतली पेरूची जेली
दादर पश्चिमेला रानडे रस्त्यालगतच्या गल्लीत हे छोटे दुकान चालवणारे गृहस्थ मूळचे रसायनशास्त्रज्ञ; १९३३ साली सुरू झालेल्या आणि आज आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माटुंग्याच्या संस्थेत शिकून ते एका खाद्यपदार्थ कंपनीत प्रयोगशाळेपासून संचालकपदापर्यंत पोहोचले आणि निवृत्तीनंतर बरण्या भरू लागले. त्यांची पेरूची जेली अवश्य घ्यावी. पेरूत पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा फळातला घटक, मुळातच भरपूर असल्याने साखर ६५ टक्क्यांच्या आसपास आणि सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप) ३ च्या जवळ आला की जेली आपसूक धरते, वरून वेगळे पेक्टिन घालावे लागत नाही, हे ते गिऱ्हाइकाला साखरेचे प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हातात देऊन समजावतात. (घाई असेल तर जाऊ नये.) चमच्याने कापल्यावर जेलीची कड तशीच उभी राहते, पाणी सुटत नाही आणि रंगही कृत्रिम गुलाबी नसून कोऱ्या चहासारखा तांबूस आहे. आंब्याचा जॅम मात्र फारच गोड. हापूसची आंबूस चव त्यात पार हरवते आणि त्या भावात तो घ्यावासा वाटत नाही. घटकांची यादी चष्म्याशिवाय वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत छापलेली आहे. संरक्षक द्रव्य घातलेले नसल्यामुळे उघडलेली बरणी फ्रिजमध्येच ठेवावी, पावसाळ्यात तर नक्कीच.