सिकलसेलचे सोल्युबिलिटी किट: शिबिरासाठी उत्तम, लग्न ठरवायला अपुरे

विदर्भात किंवा सातपुड्याच्या पट्ट्यात तपासणी शिबिर असले की टेबलावर हे किट असतेच. बफरची बाटली, सोडियम डायथायोनाइटची पावडर, काचेच्या नळ्या आणि काळ्या रेघांचे कार्ड, एवढाच पसारा. बफरमधले सॅपोनिन तांबड्या पेशी फोडते, डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेते. ऑक्सिजन गेला की हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारातले सदोष हिमोग्लोबिन, विरघळून राहत नाही आणि नळी गढूळ होते.

बहुतेक संचांत 2 मिली द्रावणात 20 मायक्रोलीटर रक्त घालायचे असते. हलवा, 5 मिनिटे थांबा, मग नळी कार्डापुढे दोन-तीन सेंटिमीटरवर धरा. मागच्या रेघा लालसर पण स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. विजेची गरज नाही, खर्च कमी आणि हाताला लवकर सवय होते. या बाबतीत किटला पैकीच्या पैकी गुण.

चुका होतात त्या बहुधा द्रावणामुळे. डायथायोनाइट हवेने लवकर निकामी होते, म्हणून तयार द्रावण फ्रिजमध्ये ठेवा आणि लेबलवरची मुदत काटेकोर पाळा. मात्र फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका. थंडीत एस जास्त विरघळते, त्यामुळे खरा पॉझिटिव्हही स्वच्छ दिसतो. रोज सुरुवातीला एक एए (एस नसलेला) आणि एक एएस (वाहकाचा) नमुना लावून पाहा. एसएसचा (रुग्णाचा) नमुना कंट्रोल, म्हणजे पडताळणीचा नमुना, म्हणून नको: द्रावण थोडे कमजोर झाले तरी त्यात गढूळपणा येतो आणि बिघाड लपतो.

रुग्णाकडूनही फसगत होते. हिमोग्लोबिन 7-8 च्या खाली असेल तर 20 मायक्रोलीटरमध्ये एस पुरेसे नसते, रक्त दुप्पट घ्यावे लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातले हिमोग्लोबिन एफ जास्त असते, तिथे ही चाचणी करूच नये. नुकतेच रक्त चढवलेल्याचा निकालही ग्राह्य धरू नका. रक्तात चरबी फार असेल तर उलट घडते, एस नसतानाही नळी गढूळ दिसते.

आमची खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती किटपेक्षा त्याच्या वापराबद्दल आहे. पॉझिटिव्ह म्हणजे ‘एस आहे’, एवढेच. पॅटर्न एएस की एसएस, हे नळी सांगत नाही. बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या घटकाचे जनुक 11 व्या गुणसूत्रावर असते. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक प्रत एस आणि दुसरी निर्दोष असेल तर माणूस वाहक, सहसा धडधाकट. दोन्ही एस असतील तर रुग्ण. दोघे एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता 25 टक्के, एएसची 50, एएची 25. पहिले मूल एसएस झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब अजूनही कानावर येतो. तो साफ चुकीचा आहे, दर वेळी शक्यता तीच. एएस आणि एए जोडप्याला एसएस मूल होत नाही.

मग निगेटिव्ह जोडीदार म्हणजे एए का? नाही. बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक या नळीत अगदी स्वच्छ दिसतो, पण दोष त्याच जनुकात असतो. एएस आणि थॅलेसेमिया वाहक अशा जोडप्याला प्रत्येक वेळी चारात एक शक्यता एस-बीटा थॅलेसेमियाची, आणि तो आजार एसएसइतका तीव्र असू शकतो. इथे हे किट पूर्ण आंधळे आहे.

ए (सामान्य हिमोग्लोबिन) आणि एसची वेगळी रेघ उमटणाऱ्या पट्ट्या आता मिळतात. एएस आणि एसएस ओळखण्यात त्या नक्की सरस. थॅलेसेमिया वाहक मात्र त्यांच्यातूनही सुटतो.

म्हणून नळी पॉझिटिव्ह आली तर, आणि लग्न किंवा मूल यांचा विचार असेल तर निगेटिव्ह आली तरी, दोघांचे 2-3 मिली रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेऊन एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली तपासणी, करा. रिपोर्टमध्ये एएसचे एस साधारण 30 ते 40 टक्के असते आणि ए त्याहून जास्त. एस हे ए पेक्षा जास्त दिसले तर एस-बीटा थॅलेसेमियाचा किंवा रक्त चढवलेल्या एसएसचा संशय घ्या. एस नसलेल्यात एटू (हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) पाहा: 3.5 टक्क्यांच्या वर म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक असल्याची शंका. लोहाची कमतरता असेल तर एटू खाली येऊन वाहकपण झाकले जाते, तेव्हा सीमेवरचा आकडा आला तर लोह भरून काढून पुन्हा तपासा. दोघेही वाहक निघाले तर गरोदरपणाच्या 10 ते 12 आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते, त्यासाठी समुपदेशकाची भेट गर्भधारणेआधीच घ्यावी.