कॉकरचे कान आणि इअर क्लीनर: एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

आमच्या चिंगीसाठी इअर क्लीनर घेतलं ते गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर. आता पुन्हा उन्हाळा लागलाय. मधे ठाण्याचा पाऊस झाला, दिवाळी झाली, थंडीही येऊन गेली, म्हणजे आता खात्रीने लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, औषध चांगलं आहे आणि आमच्या घरात ते कायम राहणार आहे. पण बरेच जण ते ज्या घाईत मागवतात, म्हणजे कुत्रा ग्रूमिंगहून आल्यापासून कान खाजवतोय, डोकं झाडतोय, त्या वेळी ते कानात घालू नका. आधी डॉक्टरांना कान दाखवा.

चिंगी कॉकर स्पॅनियल आहे. ज्यांच्या घरी कॉकर आहे त्यांना कानांचं दुखणं नवीन नाही. कान लांब, लोंबते, केसाळ, आत वारा जात नाही, आणि या जातीच्या कानात मेण तयार करणाऱ्या ग्रंथीही इतरांपेक्षा जास्त असतात. त्यात कुत्र्याच्या कानाची नळी माणसासारखी सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग आत वळते, इंग्रजी एल अक्षराच्या आकारात. पाणी आत गेलं की त्या वळणावर साचून राहतं.

मे महिन्यात तिला एका मोठ्या, चकाचक सलॉनमध्ये नेलं होतं. अंघोळ, केस, नखं आणि ‘इअर क्लीनिंग’ असं सगळं एकाच पॅकेजमध्ये. काचेच्या दारापलीकडे मालकांना सोडत नाहीत. चिंगी बाहेर आली तेव्हा केस सुंदर कापलेले, गळ्यात रिबीन, आणि मान एका बाजूला कललेली. रिक्षात ती सारखी डोकं झाडत होती. घरी आल्यावर डावा कान उलटून बघितला तर आतून लालभडक, आणि कडेला रक्त सुकलेलं. कुत्र्याच्या कानाच्या बाहेरच्या कडेला, बुडाजवळ, त्वचेची एक छोटी दुहेरी घडी असते, इवल्याशा खिशासारखी. मशीन फिरवताना ती घडी बोटांनी ताणून धरली नाही तर पातं नेमकं तिथे लागतं. चिंगीला तिथेच कापलं होतं.

सलॉनला फोन केला तर पोरगा म्हणाला, “मॅडम, आतले केस उपटलेत ना, एक-दोन दिवस लाल राहतं.”

“केस उपटायला कोणी सांगितलं होतं?”

“ते पॅकेजमध्येच असतं, मॅडम.”

कानात पावडर टाकायची आणि चिमट्याने आतले केस ओढून काढायचे, ही ग्रूमिंगमधली जुनी रीत आहे. पूडल, शिह त्झू अशा जातींच्या कानात खोलवर केस उगवतात आणि त्यांच्यावर हे सर्रास केलं जातं. पण कान निरोगी असेल तर त्याला हात लावू नये, असं आता बरेच पशुवैद्य सांगतात. प्रत्येक केस उपटला की मागे एक सूक्ष्म जखम राहते. त्यावर अंघोळीचं पाणी, वर लोंबता कान आणि मे महिन्यातला घाम आणणारा दमटपणा. यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढायला याहून जास्त काय लागतं?

त्या रात्री सासूबाई म्हणाल्या, “अगं, कोमट खोबरेलाचे दोन थेंब सोड, ठणका तरी थांबेल.” त्यांनी आयुष्यभर घरातल्या पोरांना हेच केलंय आणि सांगितलं ते मायेनेच. मी म्हटलं, “आई, आत पडदा शाबूत आहे की नाही ते आपल्याला दिसत नाही. सकाळी डॉक्टरांना दाखवू.” त्यांना ते पटलं. चिंगीचं डोकं मांडीवर घेऊन त्या उशिरापर्यंत बसून होत्या.

कानाच्या पडद्याचा मुद्दा मी मुद्दाम लिहितेय. पडदा फाटलेला असेल आणि आपण वरून काही ओतलं, तर ते थेट मधल्या कानात जातं. क्लोरहेक्सिडीन किंवा जेंटामायसिनसारखी औषधं तिथे पोचली तर बहिरेपण येऊ शकतं, तोल जाऊ शकतो. म्हणून घरात पडलेले जुने थेंब, माणसांचे इअर ड्रॉप्स, हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर, स्पिरिट, यातलं काहीही नको. मान सतत एका बाजूला कलत असेल, चालताना झोक जात असेल किंवा डोळ्यांची बुबुळं थरथरत असतील, तर दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबू नका.

सकाळी डॉक्टरांनी दुर्बिणीने दोन्ही कान तपासले. उजव्या कानाचा पडदा स्वच्छ दिसला. डावी नळी इतकी सुजली होती की आत काही दिसेना. कापसाच्या काडीवर थोडा मळ घेऊन त्यांनी स्लाइड केली, रंगवली आणि मायक्रोस्कोपखाली मलाही दाखवली. जांभळट, कमरेत आवळलेले ठिपके, घोळक्याने. ते मॅलेसेझिया नावाचं यीस्ट. ते कुत्र्याच्या त्वचेवर थोड्या प्रमाणात असतंच, पण कान सुजला आणि ओलसर राहिला की भरमसाठ वाढतं. कानाला येणारा आंबलेल्या पिठासारखा वास त्याचाच होता. आधी सूज उतरायच्या गोळ्या, मग पडदा दिसल्यावर थेंब, आणि क्लीनर त्याच्याही नंतर, असा क्रम त्यांनी लावून दिला. मी दुकानातून आधीच बाटली आणली असती तरी तोवर ती बंदच राहिली असती.

बाटलीचं नाव लिहीत नाही, कारण तुमच्या कुत्र्याला वेगळी लागू शकते. चिकट, तेलकट मळासाठी मेण विरघळवणारं क्लीनर लागतं. पोहणाऱ्या कुत्र्यांना कान सुकवणारं चालतं. पातळ, घाण वास मारणारा पू असेल तर ते बॅक्टेरियाचं काम असू शकतं आणि त्याला उपचारच वेगळा. आमच्याकडे सॅलिसिलिक ॲसिड असलेलं, स्पिरिट नसलेलं क्लीनर आहे. ते मेण सैल करतं आणि कान फार ओला ठेवत नाही. डॉक्टरांना स्लाइड बघून नाव लिहून द्यायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता वापराबद्दल. बाटली आधी हातात धरून जरा कोमट करते, गार औषध आत गेलं की चिंगी दचकते. पाळी वर उचलून नळी भरेल इतकं सोडायचं. दोन-चार थेंबांनी काही होत नाही, इथे हात आखडता घेऊ नये. मग कानाच्या बुडाशी, जिथे कूर्चेची कडक नळी हाताला लागते, तिथे अंगठा आणि बोटाने अर्धा मिनिट चोळायचं. आतून पचपच आवाज आला की समजायचं, औषध वळणापर्यंत पोचलं. मग सोडून द्यायचं, ती डोकं झाडते आणि मळ आपोआप वर येतो. वर आलेलं कापसाने पुसायचं, बोट जितकं आत जाईल तितकंच. कानकाडी अजिबात नको, ती मळ आणखी खाली ढकलते. हे बाथरूममध्येच करा. आमच्या हॉलच्या भिंतीवर उडालेले तपकिरी डाग अजून आहेत.

पावसात आठवड्यातून एकदा, थंडीत पंधरवड्याने, शिवाय प्रत्येक अंघोळीनंतर, एवढं चिंगीला पुरतं. त्याहून जास्त केलं तर आतली त्वचा भिजून मऊ पडते आणि ती स्वतःच आजाराला आमंत्रण देते. मी तारखेपेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवते. रोज रात्री दोन्ही कान हुंगते. वास नाही, लाली नाही, तर कानाला हात लावत नाही.

बाटलीत दोष आहेत. तोटी कडक आहे आणि कानाला टेकली की त्यावरचे जंतू बाटलीत जातात, म्हणून प्रत्येक वेळी तोटी पुसून ठेवावी लागते. वास उग्र आहे, खोलीत रेंगाळतो. आणि झाकण नीट लागलं नाही तर कपाटात सांडतं.

खरा अवघड भाग औषधाचा नव्हताच. त्या सलॉननंतर चिंगी कानाला हात लावू द्यायची नाही. बाटली दिसली की पलंगाखाली. आम्ही कितीतरी दिवस फक्त बाटली जमिनीवर ठेवून शेजारी स्टीलच्या ताटलीच्या पाठीवर दही फासत होतो. ती चाटत असताना आधी नुसता खांद्यावर हात, मग पाळीला, मग पाळी उचलून लगेच सोडायची. धरून, दाबून एकदाही केलं नाही. पावसाळा संपत आला तेव्हा ती दही चाटता चाटता दोन्ही कान करून घ्यायला लागली. हे शिकवायला ग्रूमरने निम्मा वेळ दिला असता तर तिला एवढी भीती बसली नसती, असं मला आजही मनापासून वाटतं.

शिवाय पाण्याचं भांडं बदललं. कॉकरचे कान पसरट बोलमध्ये बुडतात, मग ओले कान तसेच राहतात. आता निमुळत्या तोंडाचं खोल भांडं आहे, तोंड आत जातं आणि कान बाहेर राहतात. जेवताना मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी तिच्या डोक्यावरून चढवते, कान मागे बांधलेले राहतात.

सलॉनचं काय झालं तेही लिहिते, कारण अशा वेळी आपण संतापून गप्प बसतो. त्याच दिवशी कानाचे फोटो काढले होते, पॅकेजचं बिल होतं, आणि डॉक्टरांकडून तपासणीत जे दिसलं ते लिहून घेतलं: कडेला ताजी जखम, नळी सुजलेली, स्लाइडवर यीस्ट. दोष कुणाचा हे डॉक्टर लिहीत नाहीत, लिहूही नये. कॉकरला यीस्ट आधीपासून थोडं असू शकतं, हे त्यांनी मलाही स्पष्ट सांगितलं. पण जखम आणि न विचारता केस उपटणं याला दुसरं कारण नव्हतं. मालकाला लेखी मागणी पाठवली तेव्हा पॅकेजचे पैसे परत आले, उपचाराचे नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या नंबरवर, तक्रार नोंदवली आणि त्यानंतर उपचाराचा खर्चही मिळाला. ग्रूमिंग ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर ५ लाखांपर्यंतच्या सेवेसाठी शुल्क नाही आणि तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते.

आता एक ताई घरी येऊन चिंगीचे केस कापतात. त्या कानाच्या आत काहीच करत नाहीत. फक्त पाळीच्या आतल्या बाजूचे, छिद्राभोवतीचे केस बारीक करतात, म्हणजे वारा खेळतो, आणि अंघोळीआधी कानात कापसाचा बोळा ठेवून नंतर न विसरता काढतात. नवीन ग्रूमर बघणार असाल तर दोनच प्रश्न विचारा: मला समोर बसू द्याल का, आणि कानाच्या आत काय करता? दुसऱ्याचं उत्तर “लाल दिसला तर थांबतो आणि तुम्हाला सांगतो” असं आलं तर तो माणूस कामाचा.

थंडी सरताना उजवा कान पुन्हा लाल झाला. या वेळी ना ग्रूमिंग, ना पाणी, औषधही वेळेवर चालू. डॉक्टरांचा संशय ॲलर्जीवर आहे. कानाचा आजार वारंवार उलटतो तेव्हा मुळाशी बहुतेकदा तीच असते, आणि कितीही चांगलं क्लीनर ती घालवू शकत नाही. म्हणून सध्या ८ आठवडे तिला डॉक्टरांनी लिहून दिलेलं एकच खाणं चालू आहे, बाकी पोळीचा तुकडासुद्धा नाही. सासूबाईंनाही ते मान्य आहे, त्याच सगळ्यांवर नजर ठेवतात. दही बंद झाल्यामुळे कान साफ करताना काय द्यायचं हा प्रश्न पडला होता. आता तेच खाणं गरम पाण्यात भिजवून, कुस्करून ताटलीच्या पाठीवर लावते आणि ती तेही तितक्याच आवडीने चाटते. असाच पथ्याचा काळ तुमच्याकडे चालू असेल तर करून बघा.