छोटा कॅमेरा घ्यायचाय: जीआर, एक्स१०० की आरएक्स१००?

लेन्स बदलता न येणारा छोटा पण दमदार कॅमेरा शोधायला निघालं की तीन नावं हमखास पुढे येतात: रिकोचा जीआर थ्री (२०१९), फुजीफिल्मचा एक्स१०० व्हीआय (२०२४) आणि सोनीचा आरएक्स१०० मार्क सेव्हन (२०१९). मेगापिक्सेल बघून यातला एक उचलू नका. तुम्ही ज्याचा फोटो काढता त्याच्यापासून किती अंतरावर उभे असता, ते आधी ठरवा. आणि मराठवाड्यात वापरायचा असेल तर धुळीचा विचार त्याच बैठकीत करा.

फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या) मापात जीआरची लेन्स २८ मिमीची, फुजीची ३५ मिमीची आणि सोनीची झूम २४ ते २०० मिमीची. आकडा लहान तितकं दृश्य रुंद. तीन मीटरवरून जीआरमध्ये साधारण ३.९ मीटर रुंदी मावते, फुजीत ३.१ मीटर, तर सोनी २०० ला नेला की जेमतेम अर्धा मीटर. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे शेतात कडब्याच्या कोपीपाशी पंगत बसते, तेव्हा भज्जी-आंबील वाढणाऱ्यांच्या मध्येच तुम्ही असता, समोरच्यांपासून फार तर दीड मीटरवर. जीआरमध्ये तिथे तीन माणसं ताटांसकट येतात, फुजीत दोन नीट आणि तिसरं कापलं जातं. मात्र २८ मिमीला कडेचा चेहरा ताणलेला दिसतो, म्हणून माणसं चौकटीच्या मधल्या भागात ठेवा. एकेका माणसाचा फोटो हीच तुमची आवड असेल तर फुजी सरस.

आता उलटं टोक. शाळेचं गॅदरिंग किंवा कीर्तन मंडपाच्या मागून टिपायचं आहे. जीआरचा फोटो कापून २०० मिमीइतकं जवळ आणलं तर २४ मेगापिक्सेलपैकी अर्धा मेगापिक्सेलसुद्धा उरत नाही. फुजीच्या ४० पैकी सव्वा मेगापिक्सेल उरतो. (७० मिमीपर्यंत कापलं तर फुजीकडे १० मेगापिक्सेल शिल्लक राहतात, तेवढे छापायला पुरतात.) म्हणजे लांबचं टिपणं ही तुमची रोजची गरज असेल तर तिघांत सोनीच घ्यावा लागेल.

त्याची किंमत अंधारात मोजावी लागते. जीआर आणि फुजीचा सेन्सर एपीएस-सी, सुमारे २३.५ बाय १५.६ मिमी. सोनीचा एक इंची, म्हणजे १३.२ बाय ८.८ मिमी, क्षेत्रफळात त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. सोनीवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ला जितका दाणा (फोटोतला खरखरीतपणा) दिसतो तितका जीआरवर ५००० च्या आसपास दिसतो. शिवाय सोनीचं भिंग २०० ला एफ/४.५ पर्यंत आवळतं (एफचा आकडा मोठा तितकं भिंगाचं तोंड लहान), तर फुजी एफ/२ ला उघडतो.

अजिंठ्याला हा फरक ठळक कळतो. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आणि ऑटोफोकसचा मदतदिवाही मेन्यूतून बंद करून आत जावं. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर जीआर एफ/२.८, १/८ सेकंद, आयएसओ १६०० ते ३२०० वर ठेवा. कोपर बरगड्यांना टेकवा, श्वास सोडत सलग तीन फोटो घ्या. पहिला बटण दाबण्याच्या धक्क्याने हलतो, पुढच्यांपैकी एक तरी नीट येतो. तिन्ही कॅमेऱ्यांत स्थिरीकरण आहे, पण ते फक्त तुमचा हात सावरतं. समोरचा माणूस हलत असेल तर १/१२५ सेकंदाचं शटर लागतंच, आणि तिथे फुजीचा एफ/२ कामी येतो.

उन्हाचा प्रश्न वेगळा. चैत्रातल्या दुपारी आयएसओ १०० आणि एफ/२.८ ला १/३२०० च्या आसपास शटर लागतं. जीआर पूर्ण उघड्या भिंगावर १/२५०० च्या पुढे जात नाही, म्हणून त्यातला दोन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश चौथाईवर आणणारा एनडी फिल्टर चालू करावा लागतो. फुजीत तो चार स्टॉपचा आहे. सोनीत नाही, तिथे इलेक्ट्रॉनिक शटरवर भागवायचं. फेट्याखाली काळा पडलेला चेहरा उजळायला फुजीचा आणि सोनीचा अंगचा छोटा फ्लॅश पुरतो. या कॅमेऱ्यांचं शटर लेन्समध्येच असल्यामुळे भर उन्हातल्या वेगवान शटरलाही फ्लॅश जुळतो. जीआरला अंगचा फ्लॅश नाही, वरून लावावा लागतो. त्याला व्ह्यूफाइंडरही (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, आणि कडक उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे स्नॅप फोकस, म्हणजे फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवणं. एफ/८ ठेवून फोकस अडीच मीटरला बांधला की सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. माळेगावच्या यात्रेत घोडेबाजारात फिरताना स्क्रीनकडे बघायचीही गरज पडत नाही.

पण यात्रेतली धूळच जीआरची वैरी. लेन्स निघत नाही म्हणजे धूळ आत जात नाही, हा गैरसमज आहे. जीआर आणि सोनीची नळी चालू करताना बाहेर येते, बंद करताना आत जाते, आणि दर वेळी हवा ओढते. सेन्सरवर कण बसला तर लेन्स काढून पुसायची सोय नाही, कॅमेरा खोलावाच लागतो. जीआरमध्ये सेन्सर थरथरवून धूळ झटकण्याची सोय आहे, पण चिकटलेला कण तिला दाद देत नाही. सोनीत नळीच्या फटीत वाळूचा कण अडकला की लेन्स अर्ध्यात थांबते आणि एरर येतो. म्हणून बंद करण्याआधी नळीवरून मऊ ब्रश फिरवा, तोंडाने फुंकू नका, वावटळीत चालू करू नका आणि झिपच्या पाउचमध्ये ठेवा. फुजीला ४९ मिमीची अडॅप्टर रिंग आणि तिच्यावर फिल्टर लावला की पुढची बाजू बंद होते. कंपनी म्हणते तो हवामानरोधकपणा या जोडीनंतरच लागू होतो, तेव्हा हा खर्च किमतीतच धरा. सुगीत, जिनिंगवर, उसाच्या फडात कॅमेरा न्यायचा असेल तर आमचं मत निःसंकोच फुजीच्या बाजूने.

वजन बॅटरीसकट जीआर २५७ ग्रॅम, सोनी ३०२, फुजी ५२१. पहिले दोन शर्टाच्या खिशात मावतात, फुजीला पट्टा हवा. एका चार्जवर जीआर सुमारे २०० फोटो देतो, सोनी २६०, फुजी ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरवर ४५०. जीआरसाठी जादा दोन बॅटऱ्या घ्याच. जीआर आणि फुजी टाइप-सीने पॉवरबँकवर चार्ज होतात, सोनीला जुनी मायक्रो यूएसबी लागते. व्हिडिओ मनापासून करायचा असेल तर जीआर सोडून द्या, तो फुल एचडीवरच थांबतो.

जुना घेत असाल तर दुकानाबाहेर या. एफ/१६ (सोनीत एफ/११) लावा, फोकस हाताने लांबचा ठेवा आणि मोकळ्या आभाळाचा फोटो घ्या. तो पूर्ण मोठा करून चारही कोपरे बघा. धूसर गोल ठिपका दिसला तर दुसरा फोटो घ्या. ठिपका त्याच जागी असेल तर धूळ आत आहे, आणि सफाईचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा. नंतर नळी दहा वेळा आत-बाहेर करा आणि कान देऊन ऐका. करकर आली तर तो कॅमेरा परत द्या.