रायझन ९ ७९५०एक्स आणि एपिक ७३०२: प्रवाह-गणनेच्या कामात दोन्ही शेजारी ठेवून वापरल्यानंतर

डेस्कटॉपचा प्रोसेसर घ्यावा की सर्व्हरचा, हा प्रश्न बहुधा कोअरची संख्या आणि गिगाहर्ट्झ यांची तुलना करून सोडवला जातो. आमच्या पुण्यातील छोट्या अभियांत्रिकी सल्ला कार्यालयात मात्र अशी दोन यंत्रे शेजारी चालतात की ज्यांच्यात कोअर दोन्हीकडे सोळाच आहेत. त्यामुळे फरक पडतो तो कशामुळे, हे पाहणे सोपे झाले. पहिल्या यंत्रात एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स आहे, जो सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आला आणि जो आम्ही नवा घेतला. दुसऱ्यात त्याच कंपनीचा एपिक ७३०२ आहे, ऑगस्ट २०१९ मधला, एखाद्या डेटा सेंटरमधून निवृत्त होऊन जुन्या मालाच्या बाजारात आलेला. पहिला ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, दुसरा ३.३ च्या वर जात नाही. काम दोघांचे एकच आहे: ओपनफोम या सॉफ्टवेअरवर पंप, पंखे आणि कारखान्यांतील वायुवीजन यांच्या प्रवाहाची गणना. अर्ध्या वर्षाहून अधिक काळ दोघांवर सारख्याच प्रकारचे रन (एकेका केसची पूर्ण गणना) लावल्यानंतरचा हा अनुभव आहे. ज्यांचे काम व्हिडिओ संपादनाचे किंवा प्रोग्राम कंपाइल करण्याचे आहे, त्यांना यातला निम्मा भाग लागू पडणार नाही.

कागदावरचे आकडे पाहून कोणीही सांगेल की नवा डेस्कटॉप जुन्या सर्व्हरला सहज मागे टाकेल. गणनेसाठी प्रवाहाच्या जागेचे छोट्या-छोट्या सेलमध्ये तुकडे पाडून जे जाळे बनते त्याला मेश म्हणतात; लहान मेशवर, म्हणजे काही लाख सेलपर्यंत, तसेच होते, आणि फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो. सेलची संख्या वाढून कोटीच्या घरात गेली की चित्र उलटते, आणि दोन पिढ्या जुन्या रचनेचा, मंद घड्याळाचा एपिक रन लवकर संपवतो. तो दुपटीने पुढे जातो असे नव्हे. पण संध्याकाळी लावलेला रन सकाळी कार्यालय उघडताना संपलेला असणे आणि दुपारपर्यंत वाट पाहणे, एवढा फरक मोठ्या कामात नक्की पडतो.

याचे कारण मेमरीच्या चॅनेलमध्ये, म्हणजे मेमरी आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या मार्गांमध्ये आहे. प्रवाह-गणनेत प्रत्येक सेलमागे मेमरीतून आणायची माहिती पुष्कळ असते आणि तिच्यावर करायचे गणित त्या मानाने थोडे असते, त्यामुळे कोअर गणितात गुंतलेले असण्यापेक्षा माहितीची वाट पाहण्यातच अधिक वेळ घालवतात. रायझनकडे मेमरीचे दोन चॅनेल आहेत; डीडीआर५-५२०० या अधिकृत वेगाने त्यांची एकत्रित क्षमता सेकंदाला ८३.२ जीबी होते. एपिक ७३०२ कडे जुन्या डीडीआर४-३२०० चे का होईना, पण आठ चॅनेल आहेत, आणि त्यांची बेरीज २०४.८ जीबी भरते. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सोळा लेथ लावाव्यात आणि कच्चा माल आणायला दोनच हातगाड्या ठेवाव्यात, तशी मोठ्या मेशवर रायझनची अवस्था होते. आम्ही एकच केस चार, आठ, बारा आणि सोळा कोअरवर लावून पाहिली, तेव्हा रायझनवर आठच्या पुढचे कोअर जवळजवळ शोभेचे ठरले, तर एपिकवर सोळाव्या कोअरपर्यंत वेळ कमी होत राहिला. एपिककडे एल३ कॅशही (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) १२८ एमबी, म्हणजे रायझनच्या ६४ च्या दुप्पट आहे, आणि तिचाही हातभार लागत असणार.

याचा एक अनपेक्षित फायदा रायझनच्या बाजूनेही आहे. हा प्रोसेसर १७० वॅटचा म्हणून विकला जातो, प्रत्यक्षात २३० वॅटपर्यंत वीज खेचू शकतो, आणि पूर्ण भाराखाली ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापणे हे त्याच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे. परंतु कोअर जर मेमरीची वाट पाहत बसणार असतील तर त्यांना एवढी वीज पाजण्यात अर्थ नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, १०५ वॅटचा इको मोड लावल्यावर मोठ्या रनच्या वेळेत आम्हाला दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही, खोलीतला उकाडा मात्र कमी झाला. एप्रिल-मे मध्ये याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ज्यांच्याकडे हा प्रोसेसर आहे आणि ज्यांचे काम मेमरीवर अडते, त्यांनी हा बदल आजच करावा.

मेमरी किती बसते हा वेगाइतकाच मोठा मुद्दा आहे, आणि डेस्कटॉपच्या बाबतीत हे दोन्ही एकमेकांच्या आड येतात. मेशच्या दर दहा लाख सेलमागे ढोबळमानाने एक ते दोन जीबी रॅम लागते, असा हिशेब धरला तर मोठ्या केससाठी ६४ जीबी लवकरच तोकडी पडते. रायझनच्या मदरबोर्डवर चार खाचा असतात. परंतु चारही भरल्या की अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो, आणि सेकंदाला ८३.२ जीबीची क्षमता ५७.६ वर घसरते. म्हणजे अधिक मेमरी हवी म्हणून स्टिक वाढवाव्यात, तर मुळात जी गोष्ट कमी आहे तीच आणखी कमी होते. यावर व्यवहार्य उपाय म्हणजे ४८ जीबीच्या दोन स्टिक घेऊन ९६ जीबीवर समाधान मानणे, आणि आम्ही तेच केले. एपिकवर आठ खाचांत सोळा-सोळा जीबीच्या स्टिक लावून १२८ जीबी झाली, तीही पूर्ण वेगाने. मोठ्या स्टिक लावल्या तर ती कितीतरी वाढवता येते. मात्र आठही खाचा भरणे हे इथे ऐच्छिक नाही. चारच स्टिक लावून वापरलेला एपिक हा अर्धे चॅनेल बंद ठेवलेला एपिक असतो, आणि मग तो घेण्याचे मुख्य कारणच उरत नाही.

जुना एपिक शोधणाऱ्यांसाठी येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. त्याच पिढीतला ७२८२ हाही सोळा कोअरचा प्रोसेसर असून तो स्वस्तात मिळतो, आणि विक्रेते दोघांची नावे एका दमात घेतात. परंतु ७२८२, ७२७२, ७२५२ आणि ७२३२पी यांची अंतर्गत रचना अशी आहे की आठ स्टिक लावल्या तरी मेमरीचा वेग सेकंदाला सुमारे ८५ जीबीपुरताच मिळतो, म्हणजे डेस्कटॉपइतकाच. नावात एपिक आहे एवढ्यावर प्रवाह-गणनेसाठी तो घेणे म्हणजे सर्व्हरचे सगळे त्रास पत्करून डेस्कटॉपचे गिगाहर्ट्झही न मिळवणे होय. दुसरे असे की काही सर्व्हर-उत्पादकांच्या यंत्रांत एकदा बसवलेला एपिक सुरक्षेच्या कारणास्तव त्या उत्पादकाच्या मदरबोर्डाशी कायमचा बांधला जातो आणि इतरत्र चालू होत नाही. तेव्हा लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, जुना प्रोसेसर घेताना तो बांधलेला नाही याची लेखी हमी मागावी, किंवा प्रोसेसर आणि मदरबोर्ड चालू अवस्थेत एकत्रच घ्यावेत.

आता डेस्कटॉप जिथे निर्विवाद पुढे आहे ती बाजू. प्रत्येक केसमध्ये सॉल्व्हर, म्हणजे प्रत्यक्ष गणना करणारा प्रोग्राम, चालण्याच्या आधी आणि नंतर बराच वेळ अशा कामांत जातो जी एकाच कोअरवर होतात. ग्राहकाकडून आलेले कॅड मॉडेल साफ करणे, त्यातल्या फटी बुजवणे, ओपनफोमच्या डीकंपोजपार या आज्ञेने मेशचे तुकडे पाडणे आणि शेवटी रीकन्स्ट्रक्टपारने ते पुन्हा जोडणे, यांपैकी कशालाही सोळा कोअर आणि आठ चॅनेल यांचा उपयोग नाही, तिथे ५.७ गिगाहर्ट्झ आणि नवी रचना हेच कामी येते. एपिकवर मोठी केस जोडायला लावली की चहा पिऊन परत यावे लागते. रोज पडद्यासमोर बसून वापरायचे यंत्र म्हणून एपिक मला कधीच आवडला नाही, आणि ज्यांच्या दिवसाचा मोठा भाग मॉडेल हाताळण्यात जातो त्यांनी तो टेबलाखाली ठेवण्याचा मोह टाळावा. आमची विभागणी आता अशी स्थिरावली आहे की तयारी आणि निकालांची चित्रे रायझनवर होतात, आणि लांबणारे रन नेटवर्कवरून एपिककडे जातात.

ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या, मेमरीचा उल्लेख प्रत्येक तुलनेत होतो, पण अर्धवट होतो. एपिकवरची मेमरी एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते, दोन बिटची चूक ओळखते, आणि मुख्य म्हणजे तिची नोंद लिनक्सच्या लॉगमध्ये येते. डीडीआर५ च्या साध्या स्टिकमध्येही चिपच्या आत दुरुस्ती होते, परंतु ती चिपपुरतीच; स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय बिघडले ते तिला कळत नाही आणि ती कोणाला काही सांगतही नाही. एपिकच्या एका खाचेबाबत दुरुस्त झालेल्या चुकांच्या नोंदी वारंवार येऊ लागल्या, तेव्हा ती स्टिक बदलली आणि नोंदी थांबल्या. हेच डेस्कटॉपवर घडले असते तर कधीतरी रन मध्येच बंद पडला असता आणि आम्ही दोष मेशला दिला असता. तरीही ईसीसी नसेल तर सगळी उत्तरे चुकतात, हा प्रचार मला अतिरंजित वाटतो. स्थिर प्रवाहाचा सॉल्व्हर पुन्हापुन्हा आवर्तने करून उत्तराकडे जातो, त्यामुळे मध्ये एखादा आकडा बिघडला तरी तो बहुधा पुढच्या आवर्तनांत धुऊन निघतो. खरी भीती मेशची माहिती किंवा लिहिली जात असलेली फाइल बिघडण्याची असते. शिवाय रायझनही ईसीसी स्टिक स्वीकारतो, मात्र मदरबोर्डाने तशी सोय दिलेली असली पाहिजे, आणि ती साधी ईसीसी यूडीआयएमएम, म्हणजे रजिस्टर्ड नसलेली स्टिक, असावी लागते. सर्व्हरची रजिस्टर्ड स्टिक त्यावर चालत नाही.

सर्व्हरच्या मदरबोर्डावरची जी गोष्ट आम्हाला घेताना गौण वाटली होती आणि आता सर्वांत उपयोगी वाटते, ती म्हणजे बीएमसी. हा एक स्वतंत्र छोटा संगणकच असतो, त्याला स्वतःचा नेटवर्क पोर्ट असतो, आणि मुख्य यंत्र बंद असले तरी तो जागा राहतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि यूपीएसने हात टेकले, तर वीज परत आल्यावर घरूनच यंत्र चालू करता येते, बायोसचा पडदाही घरून दिसतो. बीएमसी इंटरनेटला थेट उघडा मात्र कधीही ठेवू नये. आम्ही व्हीपीएनमधूनच जातो. याच बीएमसीचा एक तापदायक गुण असा की मोठा, संथ फिरणारा शांत पंखा लावला की त्याचे फेरे नेमलेल्या मर्यादेखाली गेल्याबरोबर तो पंखा बिघडला असे समजून सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडतो, थोड्या वेळाने शांत होतो आणि पुन्हा तेच करतो. बीएमसीला आज्ञा देणाऱ्या आयपीएमआयटूल या प्रोग्रामने ती मर्यादा खाली आणल्यावर हा गोंगाट संपला. यंत्र चालू व्हायला काही मिनिटे लागतात, याची सवय होते.

एपिक बसवणाऱ्याने सॉकेटचे तीन स्क्रू क्रमांकांच्या क्रमाने आणि ठरलेल्या जोरानेच आवळावेत. ४०९४ स्पर्शबिंदूंपैकी काही नीट टेकले नाहीत तर यंत्र चालू होते, पण मेमरीचे एखाद-दोन चॅनेल दिसत नाहीत, आणि दोष स्टिकमध्ये शोधण्यात दिवस जातो. बायोसमध्ये एनपीएस ४ हा पर्याय निवडून मेमरीचे चार गट केले आणि प्रत्येक प्रक्रिया तिच्या कोअरला बांधली, तर ओपनफोमला आणखी थोडा वेग मिळतो.

सर्व्हर-वर्ग हे नाव हल्ली कितपत विश्वासार्ह राहिले आहे, हेही पाहिले पाहिजे. मे २०२४ मध्ये आलेला एपिक ४५६४पी हा सोळा कोअरचा, ५.७ गिगाहर्ट्झचा, १७० वॅटचा आणि डेस्कटॉपच्याच एएम५ सॉकेटवर बसणारा प्रोसेसर आहे. त्याचे चॅनेलही दोनच आहेत. छोट्या कार्यालयाच्या फाइल-सर्व्हरसाठी ईसीसीची अधिकृत हमी हवी असेल तर तो चांगला पर्याय आहे. आमच्या कामात तो ७९५०एक्सपेक्षा वेगळा वागण्याचे कारण नाही. याउलट एपिक ७३०२ च्या १२८ पीसीआयई लेनचा (ग्राफिक्स कार्डासारखी कार्डे जोडणाऱ्या मार्गांचा) गवगवा आमच्यासाठी निरुपयोगी ठरला, कारण आम्ही एकच ग्राफिक्स कार्ड वापरतो. तीन-चार कार्डे लावणाऱ्याला मात्र रायझनच्या २४ लेन लगेच अपुऱ्या पडतील.

पुढची खरेदी डीडीआर५ च्या सर्व्हर-पिढीतून, म्हणजे एपिक ९००४ मालिकेतून करण्याचा विचार आहे. तिथे चॅनेल बारा आणि क्षमता सेकंदाला ४६०.८ जीबी आहे. जुना प्रोसेसर त्यातही परवडण्यासारखा मिळू लागेल. अडचण आहे ती बारा रजिस्टर्ड डीडीआर५ स्टिकच्या खर्चाची, आणि तो खर्च आटोक्यात येईपर्यंत ७३०२ बदलण्याची आम्हाला घाई नाही.