पास-थ्रू क्रिम्पर घ्यायचा की साधा रॅचेटवाला?

क्रिम्पर म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाला प्लास्टिकचा आरजे४५ कनेक्टर दाबून बसवायचं टूल, दाबलं की कनेक्टरच्या आठ पिना केबलच्या आठ वायरींमध्ये रुततात. मी दोन्ही वापरलेत, दोन्ही अजून बॅगेत आहेत, म्हणून ज्याचं ठरत नाहीये त्याच्यासाठी लिहितोय. बिनरॅचेटचा, पक्कडीसारखा दाबायचा क्रिम्पर मी यात धरतच नाही. त्यात किती दाबलं ते सगळं हातावर असतं आणि मधल्या पिना, ४ आणि ५, हमखास जरा वर राहतात. तरी लिंक लागते, कारण १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६ लागतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) मात्र आठही. त्यामुळे नेट चालतंय पण १०० च्या वर जात नाही असं कोणी म्हणालं की मी आधी कनेक्टर उजेडात धरून मधल्या पिना बघतो. रॅचेटवाला पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही, तिथे हे सहसा होत नाही.

आता खरा प्रश्न. पास-थ्रू पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी खूशच झालो होतो. वायरी समोरून बाहेर येतात, निवांत रंग बघायचे, पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, चुकलं तर ओढून परत घालायच्या, कनेक्टर वाया जात नाही. जॅकेटही, म्हणजे केबलचं बाहेरचं आवरण, पार आत ओढता येतं, त्यामुळे वायरींच्या जोड्यांचे पीळ (ट्विस्ट) कमी उघडतात. कॅट ६ प्रकारच्या केबलला तर हे फार जाणवतं, वायरी जाड, साध्या कनेक्टरमध्ये भोकं बऱ्याचदा वरखाली दोन ओळीत असतात आणि त्यात आठही एकदम घालताना नवीन माणूस रडकुंडीला येतो.

पण त्याचं ब्लेड. दाबलं की पिना बसतात आणि त्याच झटक्यात बाहेर आलेल्या आठही वायरी कापल्या जातात, नवीन असताना अगदी लोण्यासारख्या. धार जाते ती हळूहळू, एका दिवसात कळत नाही, आणि मग वायर कापली न जाता चिरडली जाते, कनेक्टरच्या तोंडावर तांब्याचं बारीक टोक राहतं जे नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही.

माझ्याकडे पीओईवरचा, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारा, एक कॅमेरा मधूनच रीस्टार्ट व्हायचा. केबल टेस्टरवर आठही वायरींचे दिवे ओळीने लागत होते म्हणून केबलवर संशयच घेतला नाही, स्विचचा पोर्ट बदलला, कॅमेरा बदलला, तरी तेच. शेवटी कनेक्टर काढून मोबाईलच्या टॉर्चखाली धरला तर २ नंबरच्या नारंगी वायरीचं टोक वाकून ३ च्या पांढऱ्या-हिरव्याला जवळजवळ टेकलेलं. हे दोन वेगळ्या पेअरचे (जोड्यांचे), आणि पीओई याच पेअरवरून येत असेल तर एक प्लस आणि एक मायनस. तेच कारण होतं असं मी मीटर लावून सिद्ध केलेलं नाही, पण कापून नवीन कनेक्टर मारल्यावर रीस्टार्ट थांबले ते थांबलेच.

तेव्हापासून पास-थ्रूवर मारलेला प्रत्येक कनेक्टर मी तपासतो, टोक दिसलं तर फ्लश कटरने (अगदी लगत सपाट कापणारं छोटं कटर) साफ करतो, म्हणजे जो वेळ वाचवायला तो घेतला तोच वेळ इथे जातो. ब्लेड बदलता येतं, नाही असं नाही, पण त्याच मॉडेलचं लागतं आणि कधी बदलायचं ते टूल सांगत नाही. शिवाय पास-थ्रूचे कनेक्टर साध्या क्रिम्परमध्ये मारले तर वायरी कापल्याच जात नाहीत, शेपट्या तशाच समोर लोंबत राहतात.

साध्याला हात बसायला वेळ लागतो हे खरं. वायरी सरळ करून अंगठा आणि बोटामध्ये पट्टीसारख्या घट्ट धरायच्या, साधारण १३ मिमी ठेवून एका रेषेत कापायच्या आणि पकड न सोडता आत ढकलायच्या, समोरून बघितलं तर आठही तांब्याचे ठिपके भिंतीला टेकलेले दिसले पाहिजेत. एक जरी मागे राहिली तरी बाहेर काढून आठही परत कापायच्या. सुरुवातीला माझे बरेच कनेक्टर वाया गेले, आता हाताला कळतं. आणि समोर प्लास्टिक बंद असल्यामुळे टोक बाहेर यायचा विषयच नाही, भिंतीत जाणारी केबल असली की माझा हात आपोआप यालाच जातो.

अर्थात घरातल्या चार केबल मारून टूल ड्रॉवरमध्ये जाणार असेल तर पास-थ्रूच सोपा पडेल, तेवढ्यात ब्लेडची धार जाणार नाही. रोजचं काम असेल तर मी तरी साधाच सुचवीन. कनेक्टर मात्र कोणत्याही टूलला केबल बघूनच घ्या, सॉलिड (वायरीत एकच तार) की स्ट्रँडेड (बारीक तारांची), कॅट ६ असेल तर भोकात वायर जाते का. आणि पास-थ्रूच घ्यायचं ठरलं तर जादा ब्लेड त्याच दिवशी घेऊन ठेवा, क्रिम्प झाल्यावर कनेक्टरच्या तोंडावरून एकदा नख फिरवा, खरखर लागली तर ती केबल तशीच लावू नका.