विंडी की हवामान खात्याचं बुलेटिन?

पुतण्याने यंदा छोटी शिडाची होडी घेतलीय. परवा बेलापूरच्या जेट्टीवर त्याने विचारलं, "काका, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळावर नजर ठेवायला विंडी पुरेल ना?"

विंडी म्हणजे हवामानाचा अंदाज नकाशावर दाखवणारं ॲप. त्याला आणि हवामान खात्याच्या बुलेटिनला, दोन्हींना खर्च नाही. विंडीवर आठवडाभर पुढचा वारा दिसतो, युरोपीय आणि अमेरिकन मॉडेल, म्हणजे संगणकाने मांडलेले अंदाज, शेजारी ठेवता येतात. दोन्ही जुळत नसतील तर बेत पुढे ढकलावा, एवढं मी त्यातून शिकलो. पण रंगीत नकाशा म्हणजे मॉडेलचं गणित, इशारा नव्हे.

हवामान खात्याचं चक्रीवादळ बुलेटिन रुक्ष असतं, तरी उपग्रह, रडार आणि अनेक मॉडेल पाहून माणसं ते लिहितात. मार्गाभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टाही देतात, तो जरूर बघ. २०१९ चं 'महा' चक्रीवादळ आधी किनाऱ्यापासून दूर गेलं आणि मग गुजरातकडे वळलं. २००९ चं फयान तर ११ नोव्हेंबरला आपल्याच किनाऱ्यावर आलं. वादळाच्या मार्गाची नुसती रेघ पाहून निर्धास्त राहू नये.

रविवारचा फेरफटका ठरवायला विंडी. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा दिसला, की होडी काढायची की दोर दुप्पट बांधायचे, हे बुलेटिनवर ठरव.